'आमच्या बापा' म्हणताना होणारा घोळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव-खानापूर भागातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांत आता मराठी, कन्नड आणि कोकणी एकत्र नांदतात. सासर मराठी मेथडिस्ट, सून धारवाडकडची कन्नड, शेजार कोकणी कॅथलिक. मयताच्या किंवा नव्या घराच्या प्रार्थनेला सगळे एका चटईवर बसतात, आणि नेमका प्रभूच्या प्रार्थनेपाशी, म्हणजे येशूने शिकवलेल्या 'आमच्या बापा' या प्रार्थनेपाशी, घोळ होतो.

'वाईटापासून सोडव' झाले की कॅथलिक मंडळी आमेन म्हणून थांबतात. मेथडिस्टांसारखे प्रॉटेस्टंट मात्र 'राज्य, सामर्थ्य व गौरव' म्हणत पुढे जातात. पाहुणे एकमेकांकडे बघू लागतात. खरे तर मिस्सामध्येही, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या मुख्य उपासनेतही, हे शब्द आहेत, पण मध्ये फादर एकटे एक प्रार्थना म्हणतात आणि मग लोक ते म्हणतात. ही प्रार्थना बायबलमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात आहे, पण त्याच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत हे वाक्य नाही. त्यामुळे चूक कोणाचीच नाही. शेवट कुठे करायचा हे प्रार्थना चालवणाऱ्याने आधी सांगितले की काम भागते.

भाषेचेही तसेच. एकाने मराठीत म्हणायचे आणि सुनेने ओठ मिटून बसायचे, हे त्या प्रार्थनेच्या मुळावरच येते. प्रेषित पौल बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात लिहितो की विश्वासणाऱ्यांना दत्तकपणाचा आत्मा मिळाला आहे, म्हणून ते 'अब्बा, बापा' अशी हाक मारतात आणि ख्रिस्ताबरोबर वारीस होतात. दत्तक लेकरांत थोरला-धाकटा हक्क नाही. तेव्हा प्रत्येकाने आपापल्या भाषेत, एकाच वेळी म्हणावे. ओळींची लांबी सारखी नसते, म्हणून चालवणाऱ्याने प्रत्येक मागणीनंतर एक श्वास थांबावे. कॅथलिक गणनेप्रमाणे मागण्या सात. पहिल्या तीन देवाचे नाव, राज्य आणि इच्छा यांच्या. भाकरीपासून आपल्या गरजा सुरू होतात, तिथे जरा जास्त थांबावे. खणखणीत आवाजाचा एखादा काका पुढे पळाला तर बाकीचे गप्प होतात, त्याला मागच्या बाजूला बसवावे. मजकूर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा आणि कन्नड प्रत कन्नड लिपीतच असावी. कन्नड माध्यमात शिकलेल्या पोरांना देवनागरी अडखळत वाचावी लागते. पाट्यांवरचा भाषावाद चटईवर आणायचे कारण नाही.

आधीच्या उत्स्फूर्त प्रार्थनेला मात्र आवर हवा. पाच मिनिटे पुरे. लांबली की पोरे पेंगतात, आणि गैरहजर जावयाची दारू देवाला सांगण्याच्या निमित्ताने सगळ्या गल्लीला कळते.

सर्वांत अवघड पाचवी मागणी: आमची ऋणे सोड, जशी आम्ही आपल्या ऋणकऱ्यांची सोडली. प्रार्थना संपताच येशू पुन्हा फक्त याच मागणीकडे वळतो: तुम्ही क्षमा केली नाही, तर पिताही करणार नाही. त्याआधीच्या अध्यायात तर अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट कर, असे सांगितले आहे. शेताच्या वाटणीवरून बोलणे बंद असलेले दोन भाऊ शेजारी बसून ही ओळ म्हणतात, तेव्हा सगळ्यांची मान खाली जाते. दाव्याचे काय करायचे ते त्यांनी वकिलाशी बोलावे. पण पाळकांनी किंवा फादरांनी आदल्या दिवशीच दोन्ही घरी जाऊन यावे. चटईवर बसल्यावर त्याला वेळ नसतो.

आपले,
काही ख्रिस्ती वाचक, खानापूर