घरबसल्या इंटर्नशिप: सुपरवायझरच्या वेळेचा हिशेब कोण मागणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून गोव्यातील महाविद्यालयांत पदवीचा नवा आराखडा लागू झाला. त्यात इंटर्नशिप आली आणि तिच्या मागोमाग घरबसल्या करायची इंटर्नशिपही आली. चार श्रेयांकांसाठी (क्रेडिट) १२० तास, हे गणित आता विद्यार्थ्यांना, पालकांना आणि आम्हा शिक्षकांना तोंडपाठ आहे. मात्र त्या तासांत विद्यार्थ्याकडून काम करून घेणाऱ्या सुपरवायझरने त्याला स्वतःचा किती वेळ द्यायचा, याविषयी करारपत्रात बहुधा एक ओळही नसते. माझ्या मते सगळे घोडे तिथेच अडते.

घरबसल्या कामाला माझा विरोध नाही. सत्तरी किंवा काणकोणमधल्या मुलीला बंगळुरूच्या कंपनीचे काम मिळाले आणि तिथल्या खोलीचे भाडे व खाणावळीचा खर्च वाचला, तर त्यात वाईट काय? मानधन नाममात्र असते किंवा नसतेच, तेव्हा बहुतेक घरांना दुसरा मार्गही नसतो. पण कचेरीत बसलेला नवखा मुलगा न विचारताही पुष्कळ शिकतो. शेजारचा माणूस फोनवर ग्राहकाला कसा समजावतो, साहेब कोणता कागद बाजूला ठेवतात आणि कोणता लगेच हातात घेतात, हे त्याला दिसत असते. घरी लॅपटॉपसमोर बसलेल्याला यातले काहीच दिसत नाही. त्याच्यापुरती कंपनी म्हणजे एक सुपरवायझर, आणि तो बोलला नाही तर कंपनीही मुकी.

महाविद्यालयात इंटर्नशिपचे काम माझ्याकडे असल्याने विद्यार्थ्यांच्या नोंदवह्या मी वाचते. एका वहीत ‘केलेले काम’ या रकान्यात ओळीने तीन दिवस ‘दुरुस्ती केली’ एवढेच लिहिले होते. कसली दुरुस्ती, असे विचारल्यावर त्या मुलीने फोन पुढे केला. समाजमाध्यमांसाठी तिने लिहिलेल्या मजकुरावर सुपरवायझरचा रात्री अकराचा शेरा होता, ‘अजून चांगले करा’. नेमके काय बदलू, असे तिने सकाळी दोनदा विचारले होते. निळ्या खुणा उमटल्या होत्या, उत्तर नव्हते. तिने वाक्ये फिरवली, रंग बदलले, आणि अखेर कंटाळून पहिलाच मसुदा पुन्हा पाठवला. तो मंजूर झाला! महिनाअखेरीस सगळ्या रकान्यांत एकाच बैठकीत उमटवलेल्या सुपरवायझरच्या सह्या होत्या. कागदोपत्री त्या वहीत खोट काढायला जागा नाही.

याउलट मडगावच्या एका लेखापालाकडे घरून काम करणाऱ्या मुलाची वही पाहावी. खरेदीची नोंदवही आणि जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या विवरणपत्रांवरून जीएसटीच्या संकेतस्थळावर तयार होणारा बिलांचा मासिक तक्ता, यांचा मेळ घालण्याचे काम त्याच्याकडे होते. रोज सकाळी दहा मिनिटे सुपरवायझर बाई स्क्रीन शेअर करून त्याच्याबरोबर बसत. बिलाच्या क्रमांकात एकीकडे तिरकी रेघ आणि दुसरीकडे आडवी रेघ पडल्याने तेच बिल वेगळे कसे दिसते, पुरवठादाराने ११ तारखेनंतर विवरणपत्र भरले की ते बिल पुढच्या महिन्याच्या तक्त्यात कसे जाते, हे त्यांनी त्याला प्रत्यक्ष नोंदींवर दाखवले. दुसऱ्या आठवड्यापासून मुलगा स्वतःच अशी बिले वेगळी काढून त्यांच्यापुढे ठेवू लागला. त्या बाईंचा दिवसाकाठी फार वेळ गेला असेल असे मला वाटत नाही.

दोष एकाच बाजूचा आहे असेही नाही. आमची मुले कॅमेरा बंद ठेवतात, न समजलेल्या सूचनेला ‘ओके सर’ म्हणतात आणि काम राहिले की ‘रेंज नव्हती’ सांगतात. पावसाळ्यात सांगे-काणकोणच्या वाड्यांवर हे पुष्कळदा खरेच असते, पणजीजवळच्या पर्वरीत मात्र मला ते पटत नाही. दुसरीकडे, चवथीला आपल्याकडे पाच-पाच, सात-सात दिवस घर पाहुण्यांनी भरलेले असते, हे गुरुग्रामच्या सुपरवायझरला कोणी सांगितल्याशिवाय कळणार नाही. पहिल्याच कॉलमध्ये हे बोलून घेतले, तर पुढचे रुसवेफुगवे टळतील.

रात्री-अपरात्री येणाऱ्या संदेशांचा मुद्दा वेगळा आणि अधिक गंभीर आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यात कर्मचारी या व्याख्येत प्रशिक्षणार्थीही येतात, मग त्यांना मानधन मिळो वा न मिळो; आणि कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत राहते घरही आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती असणे बंधनकारक असून, तिच्याकडे साधारणपणे तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते. लहान आस्थापनांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. इंटर्नशिपला जाणाऱ्या किती मुलींना आम्ही हे आधी सांगतो?

उच्च शिक्षण संचालनालय आणि गोवा विद्यापीठ यांना माझी विनंती आहे की करारपत्राच्या नमुन्यात सुपरवायझरचे नाव, आठवड्यातून किमान दोन ठरलेल्या बोलण्याच्या वेळा आणि प्रश्नाला एका कामकाजाच्या दिवसात उत्तर, या अटी घालाव्यात. वहीवर सही दर आठवड्याला व्हावी आणि सुपरवायझर बदलल्यास महाविद्यालयाला कळवणे सक्तीचे असावे. अशा अटी घातल्या तर कंपन्या मुले घेणार नाहीत, असे माझे काही सहकारी म्हणतात. काही घेणार नाहीत, हे मलाही मान्य आहे. त्यांच्याऐवजी पणजी, म्हापसा, मडगाव येथील लेखापाल, वकील, पतसंस्था आणि छापखाने यांच्याकडे आम्ही शिक्षकांनी स्वतः जाऊन विचारावे, आणि त्यासाठी लागणारा वेळ आमच्या कामाच्या तासांत धरला जावा.

आपली विश्वासू,
एक महाविद्यालयीन शिक्षिका, फोंडा