पोळी सोडली, पण तिच्या जागी काय आलं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सध्या जो तो लो कार्ब (म्हणजे कमी कर्बोदकांचा आहार) करतोय. पोळी बंद, भात बंद आणि त्याच्या जागी पनीर, चीज, बटर, नाहीतर रोज चिकन-अंडी. वजन उतरतं, शुगर पण उतरते, मग सगळे खूश, पण कोलेस्टेरॉलचं काय झालं ते बघायचं कुणाला सुचतच नाही याची मला खरंच काळजी वाटते.

ग्लायसेमिक इंडेक्सची (कुठल्या पदार्थाने रक्तातली साखर किती वाढते त्याच्या मापाची) कल्पना मांडणारे टोरंटोचे डॉ. डेव्हिड जेनकिन्स, त्यांच्या टीमचा २००९ मधला प्रयोग आहे. कोलेस्टेरॉल वाढलेले ४७ जण घेतले, निम्म्यांना दूध-अंडी चालणारा जास्त कार्बचा शाकाहार आणि निम्म्यांना सोया, गव्हातलं ग्लुटेन, सुकामेवा, भाज्या, तेल असा वनस्पतींचाच लो कार्ब आहार. चार आठवड्यांत दोन्हीकडे वजन सारखंच, साधारण चार किलो उतरलं, पण एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) मात्र लो कार्बवाल्यांचं जास्त खाली आलं. प्रयोग छोटा होता हे मान्य. पण अमेरिकेत ८२ हजारांवर नर्सेसचा २० वर्षं अभ्यास झाला (२००६ साली छापून आला), त्यात पण नुसतं लो कार्ब खाऊन हृदयविकारात फरक दिसला नाही, प्रोटीन आणि फॅट वनस्पतींमधून घेणाऱ्या बायकांमध्ये मात्र धोका जवळपास ३० टक्के कमी दिसला. हे नुसतं निरीक्षण आहे, पुरावा म्हणून छातीठोक सांगता येणार नाही, तरी दुर्लक्ष करण्यासारखं नक्कीच नाही.

आपल्याकडे अडचण अशी की शाकाहारी म्हटलं की दूध, तूप, पनीर आलंच, आणि प्रोटीन म्हणून डाळ वाढवावी तर डाळीतही निम्म्याहून जास्त कार्बच असतात. म्हणजे उरलं काय, तर सोयाबीन, टोफू, शेंगदाणे, तीळ, जवस, कारळे आणि भरपूर पालेभाजी. यातलं बरंचसं आपल्या घरात चटणीच्या रूपाने आहेच की! भाकरी पूर्ण सोडायची पण गरज नाही, दोनाची एक करा आणि भाजी दुप्पट घ्या. हां, शुगरच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम कार्ब तोडू नका, शुगर धोकादायक खाली जाऊ शकते.

तुमच्या आरोग्य पुरवणीत डाएटचे लेख येतात तेव्हा 'काय बंद करा' याची यादी मोठी असते, तिच्या शेजारी 'त्याच्या जागी काय खा' हे पण छापा आणि वजनासोबत लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी) करून घ्यायला सांगा, एवढीच विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, नाशिक