विसार बुडाला, बाबा

रॉकव्हिल, मेरीलँड
24 सप्टेंबर 2025

ती. बाबांना आणि आईला,
शिरसाष्टांग नमस्कार.

रोज फोनवर बोलणं होतं, मग पत्र कशाला, असं तू म्हणशील, आई. पण तू फोन स्पीकरवर टाकतेस, आणि माझ्या घरी आज भाजी कोणती केली ते जिन्यातल्या तिन्ही बिऱ्हाडांना कळतं. हे मात्र आधी तुम्ही दोघांनीच वाचावं असं वाटतंय. इथली एक मैत्रीण दिवाळीसाठी सोलापूरला निघाली आहे, तिच्या बॅगेतून पाठवते. ती बार्शीला येऊन घरी देऊन जाईल. बाबा, सोबत एक जाड पाकीट आहे, ते आत्ता उघडू नका. आधी एवढं वाचा.

इराच्या शाळेबद्दल आहे. ऑगस्टपासून तुम्ही विचारताय, "शाळा कशी आहे?" आणि मी "छान आहे" म्हणून विषय बदलते. शाळा छानच आहे. पण मार्चमध्ये मी जिचे फोटो पाठवले होते, लाल विटांची, मागे ओढा असलेली, जी तुम्ही अख्ख्या गल्लीला दाखवलीत, ती ही शाळा नाही. तिथे इरा एक दिवससुद्धा गेली नाही. ती घरापासून तीन चौक लांब असलेल्या सरकारी शाळेत जाते, फुकटात. आणि लाल विटांच्या शाळेत भरलेले अडीच हजार डॉलर गेले. तुमच्या हिशेबानं दोन लाखांच्या वर. बाबा, विसार बुडाला.

तुम्ही माझ्या एनआरओ खात्यात, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांच्या इथल्या रुपयांच्या खात्यात, "नातीच्या शाळेला" म्हणून भरलेले दोन लाख बार्शीच्या शाखेत जसेच्या तसे आहेत. त्यांना हात लावलेला नाही. बुडाले ते आमचे.

हे का झालं ते सांगायचं तर आणखी एक झाकलेलं उघडावं लागेल. समीरची नोकरी एप्रिलमध्ये गेली होती. त्याच्या कंपनीला सगळं काम सरकारी खात्यांकडून यायचं. वॉशिंग्टनच्या आजूबाजूला अशा कंत्राटांवर कितीतरी घरं चालतात. यंदा सरकार बदललं आणि कंत्राटं धडाधड रद्द झाली. ऑगस्टमध्ये त्याला दुसरं काम लागलं. पगार कमी आहे, पण लागलं. ग्रीन कार्ड आधीच झालेलं होतं, त्यामुळे व्हिसाची टांगती तलवार नव्हती. आई, रडू नकोस, होऊन गेलंय. तेव्हा सांगितलं नाही, कारण तुझी साखर तेव्हाच वाढली होती आणि बाबांनी लगेच मुदत ठेव मोडली असती. मोडली असतीत ना?

आता शाळेचं. इरा बुजरी आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. अडीच वर्षांची होईपर्यंत ती धड बोलत नव्हती. पंचवीस पोरांच्या वर्गात ती कोपऱ्यात बसून राहील, ही भीती मला झोपू देत नव्हती. त्या खासगी शाळेत एका वर्गात बारा मुलं. वर्षाची फी साडेसत्तावीस हजार डॉलर, म्हणजे साडेतेवीस लाख रुपये. आकडा वाचून तुम्ही चष्मा काढून पुसला असणार. आम्ही दोघं कमावते होतो, गाडी नवीन घ्यायची नाही, भारताची फेरी एक वर्ष पुढे ढकलायची, असा जुगाड मांडला होता.

इथे खासगी शाळांचं घड्याळ ठरलेलं आहे. हिवाळ्यात अर्ज करायचा, मार्चमध्ये उत्तर येतं. मग दोन-तीन आठवड्यांत करारावर सही करायची आणि डिपॉझिट भरायचं, नाही तर जागा यादीतल्या पुढच्या मुलाला जाते. डिपॉझिट नॉन-रिफंडेबल. फीमध्ये वळतं होतं, पण मूल आलंच नाही तर परत मिळत नाही. ही अट ठळक अक्षरात असते, ती मी वाचली होती. तिच्या खालचं वाचलं नव्हतं.

सही कुठे केली माहीत आहे? किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून, मागे इरा केळं खात असताना. मोबाईलवर करार उघडला, बोटानं सरकवत सरकवत तळाशी गेले, चौकटीत नाव टाईप केलं, कार्डाचा नंबर घातला. चार मिनिटंही लागली नसतील. शाळेनं लगेच एक छोटा टी-शर्ट पाठवला. निळा, त्यावर पांढऱ्या अक्षरात "2038ची तुकडी", कारण त्या साली ती मुलं बारावी होतील. पाच वर्षांच्या पोरीच्या छातीवर 2038. मला तेव्हा गहिवरून आलं होतं, हेही सांगते.

आणि मी मुलगी कोणाची? तहसील कचेरीच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली चाळीस वर्षं दस्त लिहिणाऱ्या माणसाची. शाळा सुटल्यावर तुमचा डबा घेऊन मी यायचे, तेव्हा टेबलाच्या कडेला बसून बघितलंय मी. समोर पागोटं मांडीवर घेऊन बसलेला शेतकरी, त्याचा घाईतला मेव्हणा, आणि तुम्ही: "लिहून घेणार", "लिहून देणार", "कारणे विसार पावती लिहून देतो की". पूर्ण दस्त मोठ्यानं दोनदा वाचायचात. मेव्हणा म्हणायचा, "अहो, घ्या की आंगठा, एसटी जाईल." तुम्ही शाईचा पॅड झाकून ठेवायचात. "आधी ऐका, मग आंगठा." एकदा एक म्हातारा दुसऱ्या वाचनाला उठला आणि म्हणाला, "मग नको." मेव्हण्यानं तुम्हाला काय काय शिव्या दिल्या होत्या, त्या आईला अजून पाठ असतील. पार्किंगमध्ये मी दिला तो आंगठाच होता, आणि पॅड झाकणारं शेजारी कोणी नव्हतं.

एप्रिल गेला, मे सरत आला. समीर म्हणायचा, जूनपर्यंत काहीतरी लागेल, इराची जागा सोडायची नाही. मलाही सोडवत नव्हती. 27 मेच्या रात्री ती झोपल्यावर करार छापून घेतला आणि तुमच्यासारखी पट्टी ठेवून ओळ न् ओळ वाचली. नववं कलम. 31 मेपर्यंत लेखी कळवून प्रवेश रद्द केला तर फक्त डिपॉझिट जाईल. त्यानंतर कळवलं, तर संपूर्ण वर्षाची फी देय, मूल शाळेत आलं किंवा नाही, आजारी पडलं, गाव बदललं किंवा नोकरी गेली तरी. मी ते कलम समीरला मोठ्यानं वाचून दाखवलं. मग दुसऱ्यांदा वाचलं.

त्याला वाटलं, हे धमकावण्यापुरतं असेल, कोर्टात टिकणार नाही. न बसलेल्या मुलाची फी कोण देतं? मग आम्ही रात्री दीड वाजेपर्यंत शोधत बसलो. टिकतं, बाबा. याच मेरीलँड राज्यातला खटला आहे. 2004 साली एका कुटुंबानं मुलीच्या पुढच्या वर्षासाठी करार केला, हजार डॉलर भरले. रद्द करायची मुदत हीच, 31 मे. त्यांनी कळवलं जुलैच्या मध्यात. शाळेनं उरलेले 13,490 डॉलर मागितले. खालच्या कोर्टात शाळा हरली. पण 2007 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल फिरवला: करारात नुकसानीची रक्कम आधीच ठरवली आहे, ती वाजवी आहे, तेव्हा शाळेनं दुसरं मूल शोधून नुकसान भरून काढलं का, हा प्रश्नच येत नाही. एक तारीख हुकली आणि अख्खं वर्ष डोक्यावर.

शाळेची बाजू अगदीच पोकळ नाही, हे मान्य करायला हवं. किती मुलं येणार यावर ती वसंतातच शिक्षकांशी करार करते आणि वर्षाचा अर्थसंकल्प बांधते. बारा मुलांच्या वर्गात जुलैमध्ये दोघं गळाली, तर बाईंचा पगार कमी होत नाही. फी बुडू नये म्हणून इथे विमाही मिळतो, पण त्यासाठी साधारणपणे मूल आधी काही दिवस तरी वर्गात बसलेलं असावं लागतं. आमचं बसलंच नव्हतं.

पण तुमच्या विसारात आणि या डिपॉझिटात एक फरक आहे, आणि मला तोच जास्त टोचतो. तुमच्याकडे जमीन घेणारा फिरला तर विसार बुडायचा, आणि विकणारा फिरला तर त्याला दुप्पट परत करावा लागायचा. "दोघांच्याही गळ्यात दोरी हवी," म्हणायचात. इथे दोरी एकाच्याच गळ्यात आहे. शाळेला वाटलं, तर ती प्रवेश रद्द करू शकते, आणि तेव्हा तिनं काय द्यायचं? माझेच अडीच हजार मला परत, बस्स. अकरावं कलम. पाकिटात आहे, खाली रेघ मारली आहे.

सव्वीस पानी करारात हे लेखी कुठे कळवायचं तो पत्ता सापडेना म्हणून दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या हिशेब विभागाला फोन केला. बाई गोड होत्या. समीरची नोकरी गेल्याचं सांगितल्यावर खरंच हळहळल्या. डिपॉझिटचं काही होईल का विचारलं, तर म्हणाल्या, सगळ्यांना एकच नियम आहे. मी भांडले नाही. लेखी कळवलं तरच ग्राह्य, हे मात्र त्यांनी दोनदा सांगितलं, त्याबद्दल त्यांचे उपकार. पोस्टात गेले, इथे आरपीएडीसारखीच, पोचपावतीच्या रजिस्टर पत्राची सोय आहे, पोचल्यावर हिरवं कार्ड सही होऊन परत येतं. 28 मेला पत्र टाकलं, ईमेलही केलं. हिरवं कार्ड आलं तेव्हा त्यावर 30 तारखेचा शिक्का होता. समीरला काम लागलं ऑगस्टमध्ये. तोवर थांबलो असतो, तर उरलेले पंचवीस हजार डॉलर कुठून उभे केले असते, मला अजून कळत नाही.

दादाला हे सांगितलं तेव्हा तो हसला आणि म्हणाला, पुण्यात याचं काय नवल! पिंटूच्या नर्सरीचं आठवतं ना, चाळीस हजार "प्रवेश शुल्क", पावतीवर शिक्का: कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही. दोन महिन्यांनी दादाची बदली नाशिकला झाली आणि ते बुडाले. त्यानं तेव्हा कायदा धुंडाळला होता. कॉलेजांना यूजीसीचा 2018चा नियम आहे: प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या 15 दिवस आधी नाव काढलं, तर फार तर पाच हजार कापून बाकी सगळी फी परत. शाळांना तो लागू नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13मध्ये कॅपिटेशन फीला बंदी आहे, दहापट दंडाची तरतूद आहे, पण शाळेनं जाहीर केलेल्या फीच्या बाहेरचे पैसे म्हणजे कॅपिटेशन. फीच्या पत्रकात "प्रवेश शुल्क" छापलं की ते आत. आणि हा कायदा सहा वर्षांपुढच्या मुलांसाठी, नर्सरीतलं पोर तर सहा वर्षांचंही नसतं. दादा म्हणाला, "तुझ्याकडे निदान 31 मे तरी होती."

इराबद्दल सांगायचं राहिलं. तिच्या वर्गात तेवीस मुलं आहेत. पहिले आठ दिवस ती खरंच कोपऱ्यात बसली. नंतर एक एल साल्वाडोरची मुलगी तिच्या शेजारी येऊन बसली. तिला इंग्रजी जेमतेम येतं, म्हणून इरा तिला सगळं समजावते. आमची मुकी पोर! परवा बाईंनी मला बोलावून सांगितलं की इरा वर्गात फार बडबड करते. मी माफी मागितली आणि गाडीत बसून पाच मिनिटं हसले. निळा टी-शर्ट ती रात्री झोपताना घालते, आता तो पोटावर चढायला लागलाय. आपल्या घराण्यात याहून महाग कापड कोणी नेसलं नसेल, आईचा शालूसुद्धा नाही.

बाबा, दोन लाख परत मुदत ठेवीत टाकायचे आहेत. मी शाखेत ईमेल केलाय, अर्ज आला की मी सही करून पाठवते. वाचून. आई, मैत्रिणीबरोबर मेतकूट आणि शेंगाचटणी दे, दुसरं काही नको, तिच्या बॅगेत तेवीस किलोच चालतात.

आणि आता ते पाकीट उघडा. कराराची प्रत आहे, इंग्रजीतच, पण तुम्हाला अडणार नाही. पट्टी घेऊन बसा आणि मी तुमच्या टेबलासमोर बसले असते, तर कोणत्या ओळीवर तुम्ही शाईचा पॅड झाकला असता, तिथे लाल खूण करा. मला वाटतं चौथ्या पानावर. समीर म्हणतो, पहिल्याच. रविवारी फोन करते, तेव्हा सांगा. स्पीकरवर चालेल.

तुमची,
शुभा