कोबेत आपलं कोण आहे?

कोबे, ८ डिसेंबर

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "ऑफिसात इंग्रज, शेजारी जपानी, मग तुझं म्हणावं असं तिथे कोण आहे गं?" बाबांच्या औषधाची वेळ झाली होती म्हणून तेवढ्यावरच राहिलं. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. आज रविवार आहे, बाहेर गार वारा सुटलाय, चहा करून निवांत बसलेय. सविस्तर लिहिते. बाबा, तुम्ही आईला वाचून दाखवा, जहाजांच्या भागात जास्त न रमता.

आमचं ऑफिस ज्या भागात आहे तिथे पूर्वी परदेशी लोकांची वसाहत होती. १ जानेवारी १८६८ ला हे बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं आणि समुद्रालगतच्या वाळूवर १२६ प्लॉट पाडून ते लिलावाने विकले गेले. वसाहतीचा नकाशा जॉन विल्यम हार्ट नावाच्या ब्रिटिश इंजिनियरने आखला. रस्ते सरळ, फुटपाथ रुंद आणि जमिनीखाली विटांची गोल गटारं. त्यातला एक तुकडा रस्त्याकडेला उघडा करून ठेवलाय. बाबा, तुम्ही असता तर तिथून हलला नसता. दीडशे वर्षं झाली तरी विटांचे सांधे अजून घट्ट आहेत. जुन्या प्लॉटचे नंबरही इमारतींवर अजून लावलेले दिसतात.

इथे आलेले ब्रिटिश मुख्यतः व्यापारी होते. चहा, रेशीम, विमा, बँका, जहाजं. तुम्हाला गोडी वाटेल ती जहाजवाल्यांची गोष्ट. एडवर्ड किर्बी नावाच्या ब्रिटिश माणसाने इथे ओनोहामाला गोदी काढली. लोखंडी बोटी बांधल्या, जपानी आरमारासाठी युद्धनौकेचं कामही घेतलं. पण कर्ज डोक्यावरून गेलं आणि १८८३ मध्ये त्याने जीव दिला. गोदी आरमाराने घेतली. त्याच्याच हाताखाली काम केलेला एडवर्ड हंटर, उत्तर आयर्लंडमधल्या लंडनडेरीचा. त्याने १८८१ मध्ये ओसाकात लोखंडकामाचा कारखाना घातला, तोच पुढे हिताची झोसेन म्हणून मोठा झाला. हंटरची बायको जपानी होती. मुलांनी 'हान्ता' असं जपानी आडनाव लावलं आणि ती इथलीच झाली. त्याचं घर आता इथल्या प्राणिसंग्रहालयाच्या आवारात जपून ठेवलंय. किर्बी मला फार जवळचा वाटतो. परक्या गावात धंदा बसला की माणसाला पाठ टेकायला भिंत नसते, हे मी आता समजू शकते.

आपल्या मुंबईचा धागाही इथे आहे, आणि तो आजोबांच्या गिरणीपर्यंत जातो. ओसाकाच्या सूतगिरण्यांना मुंबईचा कापूस लागायचा आणि तो आणणाऱ्या जहाजांवर ब्रिटिश पी अँड ओ कंपनी आणि तिच्या साथीदारांची मक्तेदारी होती. भाडं ते म्हणतील ते. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा जपानला आले, निप्पॉन युसेन कंपनीशी हात मिळवला आणि त्याच नोव्हेंबरात कोबे-मुंबई जहाजं सुरू झाली. पी अँड ओने भाडं इतकं पाडलं की टाटांना आपली जहाजं बंद करावी लागली. जपानी कंपनी मात्र टिकली, कारण इथल्या गिरणीवाल्यांनी एकजूट करून कापूस तिच्याच जहाजातून आणायचा करार पाळला. आजोबा लालबागच्या गिरणीत लागले ते फार नंतर, पण कापसाच्या भाड्यावरून इतकी मोठी लढाई झाली हे त्यांना ऐकायला आवडलं असतं.

आता जे मला खरं सांगायचंय ते. बाबा, 'नॉर्मंटन' हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. २४ ऑक्टोबर १८८६ ला हे ब्रिटिश जहाज योकोहामाहून कोबेकडे येताना वाकायामाच्या किनाऱ्याजवळ बुडालं. कॅप्टन ड्रेक आणि त्याचे युरोपियन सहकारी लाइफबोटींतून सुटले. जहाजावरचे २५ जपानी प्रवासी, सगळेच्या सगळे, बुडाले. भट्टीवर काम करणारे भारतीय खलाशीही मागे राहिले. त्या काळी ब्रिटिश माणसावर जपानी कोर्टात खटला चालत नसे. कोबेच्या ब्रिटिश वकिलातीत चौकशी झाली आणि कॅप्टन निर्दोष सुटला. जपानभर संताप उसळला, सरकारने खटला पुढे नेला, तेव्हा योकोहामाच्या ब्रिटिश कोर्टाने त्याला तीन महिन्यांची शिक्षा दिली. मेलेल्यांच्या घरच्यांना भरपाई नाही.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्या भट्टीवाल्यांचा विचार सोडवेना. जपानी प्रवाशांसाठी त्यांचा देश उभा राहिला. आपल्या माणसांसाठी रागवायला कोण होतं? कागदोपत्री ते ब्रिटिश राणीचे प्रजाजन, म्हणजे कॅप्टनचेच देशबंधू. तरीही बोटीत जागा नव्हती.

तुम्ही दोघं नेहमी विचारता, मी जहाजावर जाऊन नक्की काय करते. हेच करते. गेल्या आठवड्यात एका मालवाहू जहाजाचा सर्व्हे, म्हणजे सुरक्षेची तपासणी, होती. जहाजाच्या दोन्ही बाजूंच्या लाइफबोटी बघायच्या, आणि नियम असा की एका बाजूच्या बोटींतच जहाजावरची सगळी माणसं मावली पाहिजेत, कारण जहाज कललं तर दुसऱ्या बाजूची बोट उतरवता येत नाही. बोटीच्या अंगावर किती माणसांची ते रंगवलेलं असतं. मी तो आकडा खलाशांच्या यादीशी ताडून बघते. मग हूक. बोट ज्यावर लटकते त्या हुकाच्या खाचेत मिठाचा थर धरतो, तो खरवडून बोटाने चाचपून बघावं लागतं, डोळ्यांनी कळत नाही. यादीत वरती कॅप्टन, खाली आचारी आणि वायपर, म्हणजे इंजिनरूममधला साफसफाईचा माणूस. त्या दिवशीचा वायपर मालवणचा निघाला! "ताई, तुम्ही मराठी?" म्हणून त्याने मला इंजिनरूममधून बिनदुधाचा, भरपूर साखरेचा चहा आणून दिला. मोजताना त्याचं आणि कॅप्टनचं वजन सारखंच धरतात, आई. हे साधंसं वाटतं, पण ते होण्यासाठी किती माणसं बुडावी लागली. म्हणून मला माझं काम आवडतं, आणि एका ब्रिटिश कंपनीतच मी ते करते याचंही समाधान आहे.

पण इथल्या ब्रिटिशांकडे नुसतं 'नॉर्मंटन'मधून पाहणं अन्यायाचं होईल. अलेक्झांडर सिम म्हणून एक स्कॉटिश औषधविक्रेता होता. त्याने १८७० मध्ये कोबे रेगाटा अँड अ‍ॅथलेटिक क्लब काढला, तो आजही चालू आहे. वल्हवणं, क्रिकेट, फुटबॉल, सगळ्यात हा पुढे. योकोहामाच्या क्लबशी सामने व्हायचे. वसाहतीतल्या स्वयंसेवी आगबंबाचाही तो प्रमुख. १८९१ चा मोठा भूकंप आणि १८९६ ची सान्रिकूची त्सुनामी, दोन्ही वेळा मदत घेऊन स्वतः गेला. आणि बाबा, आपल्या गावच्या जत्रेत मिळायचा तो गोटीसोडा आठवतो? अगदी तशीच गोटीची बाटली, लिंबाच्या चवीचा सोडा, इथे 'रामुने' म्हणून मिळतो. तो कोबेत विकायला काढला तो सिमने. उन्हाळी जत्रांत लहान मुलं अजून अंगठ्याने गोटी दाबतात.

सिमचं स्मारक ज्या बागेत आहे ती वसाहतीच्या काळात, १८७५ मध्ये, खेळायला म्हणून केलेली बाग. १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात ६,४३४ माणसं गेली, त्यांची आठवण दरवर्षी इथेच ठेवतात. पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी सगळे उभे राहतात. मी आमच्या ऑफिसमधून निवृत्त झालेले एक स्कॉटिश सर्व्हेअर आणि त्यांच्या जपानी पत्नीबरोबर जाते. त्यांचं घर त्या भूकंपात पडलं होतं. आई, माझं कोण, म्हणून तू विचारलंस ना, तर ही दोघं आहेत. मला ताप आला तेव्हा काकूंनी भाताची पेज आणि आंबट उमेबोशी (खारवलेलं जपानी फळ) डब्यातून आणून दिली. त्यांना मी लोणच्याची बाटली दिली तर काका ती ब्रेडला लावून खातात आणि संपल्याचं मुद्दाम फोन करून सांगतात.

रोक्को डोंगरावरही त्यांनीच मला नेलं. तिथे ग्रूम नावाच्या ब्रिटिश चहाव्यापाऱ्याने जपानातलं पहिलं गोल्फ मैदान केलं, १९०१ मध्ये चार होल, आणि १९०३ मध्ये क्लब. तेव्हा डोंगर बोडका होता म्हणतात, आता झाडीत वाट दिसत नाही. युद्धकाळात शत्रुदेशाचा माणूस म्हणून ग्रूमचं स्मारक काढून टाकलं होतं, पुढे त्याचा पुतळा बसवला. गोल्फ मला कळत नाही, पण वरून अख्खं बंदर दिसतं, नांगरलेली जहाजंसुद्धा.

आणि आपली माणसं? ती तर कधीपासून आहेत. मुंबई, सिंध, गुजरातकडचे व्यापारी आधी योकोहामात होते, १९२३ च्या भूकंपानंतर बरेचसे कोबेला आले. स्वातंत्र्यापर्यंत कागदांवर तेही ब्रिटिशच. इथली मशीद १९३५ ची, बराचसा पैसा भारतीय व्यापाऱ्यांचा. किटानोच्या चढावर जैन मंदिरही आहे. दुसरं महायुद्ध संपल्यावर तर जपान ताब्यात ठेवणाऱ्या दोस्त फौजेतली आपली मराठा लाइट इन्फन्ट्रीची पलटण इथून जवळ ओकायामा भागात होती, ब्रिगेडचे प्रमुख थिमय्या, जे पुढे लष्करप्रमुख झाले. सातारा-कोल्हापूरकडची पोरं, बर्फात! बाबा, तुमच्या ओळखीत कुणाच्या घरी त्या वेळचे फोटो असतील तर विचाराल का? मला खरंच बघायचेत.

गणपतीत ओसाका-कोबेची मराठी मंडळी एका हॉलमध्ये जमलो होतो. स्कॉटिश काका आरतीला टाळ घेऊन उभे. मोदक इथल्या तांदळाच्या पिठाचे केले, उकड जरा चिकट झाली पण एकही उरला नाही.

आता कामाचं. एप्रिलमध्ये चेरी फुलतात, थंडीही नसते, तेव्हा तुम्ही दोघं या. आईचा पासपोर्ट मार्चमध्ये संपतोय, तो आत्ताच रिन्यू करायला द्या, दादा अर्ज भरून देईल. बाबांच्या गुडघ्याची काळजी करू नका, स्टेशनांवर लिफ्ट आहेत आणि माझं घर तळमजल्यावर आहे. काकूंनी त्यांच्याकडचं एक जास्तीचं अंथरूण आत्ताच बाजूला काढून ठेवलंय. येताना गोडा मसाला आणा, आणि काकांसाठी लिंबाचं लोणचं. बाबांना मी जहाजावर न्यायची परवानगी मिळते का ते ऑफिसात विचारून ठेवते.

औषधं वेळेवर घ्या. दादा-वहिनींना नमस्कार, पिंकीला गोड पापा.

तुमची,
मंजू