समुद्र बंद कोणी करायचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

समुद्री अभयारण्यांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. २०३० पर्यंत जगातली ३० टक्के जमीन आणि ३० टक्के समुद्र राखायचा, हे २०२२ मध्ये माँट्रियलला संयुक्त राष्ट्रांच्या जैवविविधता परिषदेत ठरलेलं उद्दिष्ट लेखकाने उत्साहाने मांडलं आहे. दाखला दिलाय तो प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या ‘ताबू’चा: गावांनी मासेमारी बंद ठेवली आणि मासळी परत आली. हे खोटं नाही, पण अर्धवट आहे. त्या गावांना बंदी घालता आली, कारण समोरचं पाणी त्यांच्या वहिवाटीचं होतं. लेखातून नेमकं हेच गळलं आहे.

फिजीतलं उथुनिवानुआ गाव घ्या. तिथल्या बायका ओहोटीला चिखलात उतरून काइकोसो नावाचे शिंपले काढतात. नव्वदच्या दशकात पाच सेंटिमीटरहून मोठा शिंपला सापडणं मुश्किल झालं होतं. १९९७ मध्ये गावाने २४ हेक्टरांचा पट्टा तीन वर्षांसाठी बंद केला. हद्द गावकऱ्यांनीच आखली, आणि विद्यापीठातल्या लोकांकडून रीत शिकून शिंपल्यांची मोजदादही स्वतःच ठेवली. पुढे बंद पट्ट्यात आठ सेंटिमीटरचे शिंपले सर्रास मिळू लागले. शेजारच्या खुल्या भागातही संख्या वाढली, कारण शिंपल्यांची पिल्लं काही दिवस पाण्याबरोबर वाहतात आणि मग जवळपासच तळाला बसतात. राखलेल्याचा लाभ राखणाऱ्यालाच होतो, तो असा. (दूरदूर फिरणाऱ्या ट्यूनासारख्या माशाला गावकीची बंदी काय कामाची? तिथे देशादेशांचे करारच लागतात.)

फिजीत समुद्राचा तळ सरकारचा, पण किनाऱ्यालगत मासे धरण्याचा हक्क कुळांचा. अशा चारशेच्या वर हद्दींची सरकारदरबारी नोंद आहे. सरदार वारला की त्याच्या मानार्थ शंभर रात्री पाण्याचा एखादा भाग बंद ठेवायचा आणि मग तिथल्या मासळीवर गावजेवण घालायचं, ही तिथली जुनी चाल. म्हणजे बंद करणं जितकं रिवाजातलं, तितकंच उघडणंही. सामोआ या बेटांच्या देशात गावपंचायतीने केलेल्या मासेमारीच्या नियमांना १९८८ च्या कायद्यापासून मान्यता मिळू लागली, मग ते बाहेरच्यालाही लागू होतात. गावातल्याने नियम मोडला तर पंचायत दंड वसूल करते तो कधी डुकरांच्या, कधी डबाबंद खाण्याच्या रूपात.

टोंगा या शेजारच्या बेटांच्या देशात उलटं झालं. पहिल्या टुपोउ राजाने १८८७ मध्ये किनाऱ्याचं पाणी साऱ्या प्रजेला सारखंच खुलं केलं. सरदारांची मक्तेदारी मोडली, ते चांगलंच झालं. पण त्याबरोबर परक्या होडीला अडवायचा गावाचा अधिकारही गेला. यंत्राच्या होड्या आणि रात्री बॅटरीच्या उजेडात भाल्याने मासे मारणं आल्यावर ‘ज्याच्या हाती ससा तो पारधी’ अशी गत झाली. आपण राखायचं आणि दुसऱ्याने न्यायचं, तर राखेल कोण? शेवटी २००२ च्या कायद्याने गावांना स्वतःची राखीव हद्द मागायची सोय केली, आणि २००६ मध्ये ओउआ या छोट्या बेटाला पहिली हद्द मिळाली. त्यानंतर एकामागून एक गावं मागणी घेऊन उभी राहिली.

ही गावं म्हणजे रामराज्य नव्हे. बंद पाण्यातले मासे माणसाला घाबरेनासे होतात, भाला घेतलेला माणूस पार जवळ आला तरी हलत नाहीत. चर्चच्या वर्गणीसाठी किंवा शाळेच्या फीसाठी ताबू उठवला की वर्षानुवर्षांची राखण दोन-चार दिवसांत फस्त होऊ शकते. आणि शिंपले काढणाऱ्या बायका असल्या तरी निर्णयाच्या बैठकीत बहुतेक पुरुषच बसतात, हेही लेखकाने लिहायला हवं होतं. पण उघडण्याची चूक गावाने केली तर झळ गावालाच लागते, आणि पुढच्या वेळी किती दिवस उघडायचं याचा वाद त्याच बैठकीत होतो. राजधानीत बसून नकाशावर रेघ मारणाऱ्याला त्यातलं काहीच सोसावं लागत नाही.

राहता राहिलं माँट्रियलचं उद्दिष्ट. ३० टक्क्यांचा आकडा ज्या कलमात आहे, त्याच कलमात मूलनिवासी आणि स्थानिक समुदायांचे त्यांच्या पारंपरिक प्रदेशांवरचे हक्क मानण्याची अटही आहे. लेखात आकडा ठळक अक्षरांत आला, अट आलीच नाही. पुढच्या पुरवणीत ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक