मांडीवरून खाली ठेवताना

प्रिय चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

काल पहाटे पावणेचारला तुझा फोन आला तेव्हा तू अगदी दबक्या आवाजात बोलत होतास, कारण नात तुझ्या छातीवर झोपली होती आणि तिची झोपमोड होईल अशी तुला धास्ती होती. कुशीत असली की ती दोन-दोन तास शांत झोपते आणि खाली ठेवली की दोन मिनिटांत डोळे उघडते, तेव्हा आमचे काही चुकते आहे का, असे तू विचारलेस. चुकत नाही, एवढेच मी म्हणाले. त्या वेळी जास्त ऐकून घेण्याचे त्राण तुझ्यात नव्हते. पण बोलता बोलता तू सांगितलेस की तू सोफ्यावर रेलून बसला आहेस आणि मधूनमधून तुलाही डुलकी लागते. ते वाक्य मनातून जाईना, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. सूनबाईलाही वाचायला दे.

आधी तिच्या बाजूने पाहू. तिला जगात येऊन अवघे एकोणीस दिवस झाले आहेत. या वयाचे बाळ चोवीस तासांत साधारण १४ ते १७ तास झोपते, पण ती झोप तुकड्यातुकड्यांची असते, आणि रात्र कोणती व दिवस कोणता हे त्याच्या शरीराला अजून कळत नाही. त्यातही जवळजवळ निम्मी झोप हलकी असते. मोठी माणसे डोळे मिटल्यावर बघता बघता गाढ झोपेत जातात. नवजात बाळ मात्र आधी या हलक्या झोपेतच शिरते. पापण्यांखाली डोळे फिरत असतात, ओठ चोखल्यासारखे हलतात, श्वास कधी भरभर तर कधी संथ चालतो. आपल्याला वाटते की झोपली, आणि आपण तिला खाली ठेवायला जातो. ठेवताना डोके किंचित जरी मागे गेले, तरी दोन्ही हात एकदम फाकतात आणि ती दचकून रडू लागते. हे दचकणे जन्मजात असते आणि चार-सहा महिन्यांत आपोआप जाते. त्यात हट्ट नाही आणि तुम्ही लावलेली सवयही नाही. "सारखे घेऊन बसाल तर तिला हाताची सवय लागेल" असे कोणी म्हणाले तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. या वयाच्या बाळाला जवळ घेण्याने ते बिघडत नाही.

जपानमधील रिकेन या संशोधन संस्थेत कुमी कुरोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. २१ बाळांच्या हृदयाचे ठोके मोजत त्यांनी नेमका हाच प्रश्न पाहिला होता. पाठ गादीला टेकली म्हणून बाळ जागे होते असे आपण समजतो, पण ठोके त्याआधीच, म्हणजे बाळाचे अंग आईच्या अंगापासून सुटू लागते त्या क्षणी बदलत होते. रडणाऱ्या बाळाला घेऊन सुमारे पाच मिनिटे एका लयीत चालावे, ते झोपले की लगेच खाली न ठेवता आणखी पाच ते आठ मिनिटे घेऊन बसावे आणि मगच ठेवावे, असे त्यांनी त्यावरून सुचवले. अभ्यास लहान आहे, आणि प्रत्येक बाळावर हा उपाय लागू पडेल असे नाही. पण तुमची घाई कुठे होते आहे, ते यावरून कळते.

म्हणून ती झोपली असे वाटल्यावर थोडे थांब आणि तिचा हात हळूच उचलून सोडून बघ. बोटे मिटलेली असतील आणि हात आखडून परत वर जात असेल, तर झोप अजून वरवरची आहे. मूठ उघडली असेल, हात ओल्या कापडासारखा सैल पडत असेल आणि श्वास एकसारखा चालू असेल, तर वेळ झाली असे समज. मग तिला छातीशी धरूनच तिच्या पलंगावर वाक, इतके की तुझे अंग तिच्या अंगाला लागलेलेच राहील. आधी तिचे कुल्ले टेकव, मग पाठ आणि सर्वांत शेवटी डोके. तिचे हात तिच्या छातीवर जुळवून धरलेस तर दचकणे कमी होईल. ती टेकली तरी तुझा हात लगेच काढू नकोस. तळवा तिच्या छातीवर हलकेच राहू दे आणि मिनिटभराने एकेक बोट उचल. चार वेळा जमणार नाही आणि पाचव्या वेळी जमेल. पहिले काही दिवस सगळी झोप खाली व्हावी असा आग्रहच धरू नका. रात्रीची पहिली झोप आणि दिवसातली एक, एवढ्या दोनच ठरवा. रात्रीची पहिली झोप पुष्कळदा सर्वांत लांब असते, म्हणून तिच्यापासून सुरुवात करणे सोपे जाते.

आता सोफ्याविषयी. जे तुला आजवर सांगितले नाही ते इथे लिहिते आहे. तू पाच आठवड्यांचा होतास आणि तूही असाच होतास, खाली ठेवला की रडायचास. एका रात्री मी हात असलेल्या मऊ खुर्चीत बसून तुला पाजले आणि तसेच घेऊन बसले, कारण ठेवण्याची हिंमत नव्हती. डोळे कधी मिटले ते कळले नाही. जाग आली तेव्हा तू माझ्या हातातून घसरून माझे कोपर आणि खुर्चीचा हात यांच्या फटीत गेला होतास, आणि तुझे तोंड उशीत रुतले होते. तू रडत नव्हतास. मी तुला ओढून वर घेतले तेव्हा तू एक मोठा श्वास घेतलास आणि मग रडलास. तुझ्या कपाळावर उशीच्या शिवणीचा लाल वळ उमटला होता, आणि तो जाईपर्यंत मी दिव्याखाली तुझ्याकडे बघत उभी होते. मी निष्काळजी नव्हते रे, थकलेली होते. तूही आज तितकाच थकलेला आहेस, म्हणून मला भीती वाटते.

असे का होते, ते समजून घे. नवजात बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड असते, मानेत बळ नसते, आणि श्वासनलिका अरुंद व मऊ असते. हनुवटी छातीवर टेकली तरी ती नळी दबते. नाकतोंड मऊ गादीत किंवा आपल्या कपड्यांत दाबले गेले, तर सोडलेलाच श्वास बाळ पुन्हा घेत राहते आणि त्याला प्राणवायू कमी पडत जातो. अशा वेळी मोठे माणूस धडपडून उठेल. इतके लहान बाळ पुष्कळदा गप्पच राहते. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात म्हटले आहे की सोफ्यावर किंवा मऊ आरामखुर्चीत बाळाला घेऊन झोपल्यास झोपेतील मृत्यूचा धोका ६७ पटींपर्यंत वाढतो. हा आकडा तुला घाबरवण्यासाठी लिहिलेला नाही. पहाटे पावणेचारला कुठे बसायचे, हे ठरवताना तो आठवावा म्हणून लिहिला आहे.

ज्याच्या हातात बाळ आहे तो जागा असला पाहिजे, आणि ज्याला झोप येते आहे त्याने बाळ दुसऱ्याच्या हातात द्यावे किंवा तिच्या पलंगावर ठेवावे, मग ती रडली तरी चालेल. तुम्ही दोघे रात्र वाटून घ्या. नऊ ते दोन एकाने आणि दोन ते सातपर्यंत दुसऱ्याने बाळाकडे पाहावे. पाजण्यापुरते सूनबाईला उठावे लागले, तरी ढेकर काढणे, दुपटे बदलणे आणि झोपवणे तुझ्याकडे असावे. सलग चार तासांची झोप मिळालेले माणूस वेगळे असते. पाजता पाजता झोप लागेल अशी शंका असेल, तर सोफ्यापेक्षा मोठ्या माणसांचा सपाट पलंग कमी धोक्याचा, असे तेच तज्ज्ञ सांगतात, पण आधी तेथील उशा आणि पांघरुणे दूर करायला हवीत आणि जाग येताच बाळाला तिच्या जागी ठेवायला हवे. म्हणजे ही अडीअडचणीची सोय आहे, रोजची व्यवस्था नव्हे. बाळ दिवसांआधी जन्मलेले किंवा कमी वजनाचे असेल, घरात कोणी धूम्रपान करत असेल, किंवा सोबत झोपणाऱ्याने मद्य अथवा झोप आणणारे औषध घेतले असेल, तर ही सोयसुद्धा नको.

तिची जागा कशी असावी, हे सांगायला फार वेळ लागत नाही. गादी सपाट आणि टणक असावी आणि तिच्यावर घट्ट बसणारी एक चादर असावी, बाकी काही नको. उशी, लोड, कडेच्या गाद्या, मऊ खेळणी आणि सुटे पांघरूण यांपैकी काहीही तिच्याजवळ नको. पलंग तुमच्या खोलीत, हात पोहोचेल इतका जवळ असू दे, आणि निदान पहिले सहा महिने तो तिथेच राहू दे. घरात झोपताना टोपी नको. अंग फार तापले आहे का, हे हातपाय चाचपून कळत नाही, ते गारच असतात. मानेच्या मागे किंवा छातीवर हात लावून बघ. झोके देणाऱ्या खुर्चीत किंवा गाडीच्या सीटमध्ये डोळा लागला, तर शक्य तितक्या लवकर सपाट जागी हलव. एखादी वस्तू दुकानात मिळते म्हणून ती झोपण्यासाठी सुरक्षित असते असे नाही. दहा अंशांहून जास्त उतार असलेल्या बाळांच्या झोपण्याच्या साधनांवर अमेरिकेने २०२२ मध्ये कायद्यानेच बंदी घातली.

आणि प्रत्येक वेळी उताणेच झोपवा, रात्री आणि दिवसाही. इथे मला माझ्याच शब्दांविरुद्ध लिहावे लागते आहे, कारण तुझ्या जन्माच्या वेळी मला तुला पालथे झोपवण्याचा सल्ला मिळाला होता आणि मी तो पाळलाही होता. उताणे झोपलेले बाळ दूध वर आले तर गुदमरेल, असे आम्हाला वाटायचे. खरे पाहता बाळ उताणे असते तेव्हा श्वासनलिका वर आणि अन्ननलिका तिच्या खाली असते, त्यामुळे वर आलेले दूध सहसा खालीच परतते. पालथे असताना ही रचना उलटी होते. ब्रिटनमध्ये १९९१ पासून आणि अमेरिकेत १९९४ पासून बाळांना उताणे झोपवण्याची मोहीम सुरू झाली, आणि बाळांचे झोपेतले अचानक मृत्यू अमेरिकेत पुढच्या दहाएक वर्षांत सुमारे निम्म्यावर आले. कुशीवर झोपवणेही नको, कारण तिथून पालथे होणे सोपे असते. डोके एका बाजूने चपटे होईल अशी काळजी वाटत असेल, तर रोज डोक्याची बाजू बदला, आणि ती जागी असताना, तुम्ही समोर असताना, थोडा थोडा वेळ पोटावर ठेवा.

गुंडाळण्याने तिला बरे वाटत असेल तर जरूर गुंडाळा, मात्र कमरेखाली पाय मोकळे हलू द्या, छातीवर कापड फार आवळू नका, आणि ती कूस वळण्याचा प्रयत्न करू लागली की त्याच दिवशी गुंडाळणे थांबवा. अंगावर पाजणे नीट जमले की झोपताना चोखणी देण्यासही हरकत नाही, त्याने धोका कमी होतो असे आढळले आहे. झोपेत ती तोंडातून पडली तर परत घालण्याची गरज नाही.

रडणे अजून वाढेल, हे आधीच सांगून ठेवते. साधारण सहाव्या आठवड्यात ते सर्वाधिक असते आणि तीन-चार महिन्यांपर्यंत ओसरते. एखाद्या रात्री संताप अनावर होईल, हात थरथरतील. त्या क्षणी तिला तिच्या पलंगावर उताणे ठेव, खोलीबाहेर जा, पाच मिनिटे थांब आणि पाणी पिऊन परत ये. सुरक्षित जागी पाच मिनिटे रडल्याने तिला काही होणार नाही. तिला हलवून, गदगदवून गप्प करण्याचा प्रयत्न मात्र कधीही करू नकोस, त्याने मेंदूला इजा होते. ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त असेल, दूध ओढणे कमी झाले असेल, श्वास घेताना कण्हत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्या. झोपेत पाच-दहा सेकंद श्वास थांबून परत सुरू होणे या वयात आढळते. तो वीस सेकंद किंवा त्याहून जास्त थांबला, तर ती तातडीची वेळ आहे. सपाट ठेवल्यावर प्रत्येक वेळी वेदना झाल्यासारखी कळवळत असेल, भरपूर उलट्या होत असतील किंवा वजन वाढत नसेल, तर तेही दाखवून घ्या.

मी शनिवारी सकाळी येते आहे. आल्या दिवसापासून रात्री नऊ ते दोन नात माझ्याकडे राहील. दुपारी मी झोपून घेईन, म्हणजे रात्री जागता येईल. तुम्ही दोघे खोलीचे दार लावून झोपा, पाजण्याची वेळ झाली की मी सूनबाईला उठवीन. तोवर दोन रात्री आहेत. आज संध्याकाळी, थकवा येण्याआधीच, तिच्या पलंगावरचे सगळे सामान काढून तो तुमच्या पलंगाला लागून ठेव, आणि रात्री तिला घेऊन सोफ्याकडे जाऊ नकोस. झोप येऊ लागली तर उभा राहा; उभे राहवत नसेल तर सूनबाईला हाक मार; तिलाही उठवत नसेल तर नातीला खाली ठेव आणि तिच्या छातीवर हात ठेवून शेजारी बस. ती रडेल. रडू दे, मी शनिवारी येतेच आहे.

तुझी,
आई