बायकोच्या हातात पेन देणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

तुम्हाला समोरासमोर थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच "चहा टाकायला सांगू का" वर येता, म्हणून इथे लिहून टाकतोय. तुमची सून दाखवेलच तुम्हाला. नाही दाखवलं तरी चालेल, चार लोकांनी वाचलं की माझं काम झालं. गेल्या आठवड्यात राजगडावरून आलो, मांड्या अजून धरल्यात, जिना उतरताना कठडा पकडायला लागतोय आणि तरी रोज सकाळी एकच विचार येतो, की त्या दुपारी तुमच्याकडे आलो नसतो तर मी आत्ता नगर रोडच्या सिग्नलला उभा असतो.

नोकरी लवकर सोडता येईल का हे विचारायला तुमच्या आधी कोणाकोणाकडे जाऊन आलो ते तुम्हाला पूर्ण कधी सांगितलंच नाही. एका बँकेचा मुलगा घरी आला होता, टाय वगैरे लावून, टॅबवर रंगीबेरंगी आलेख. अर्धा तास नुसतं सर सर सर. शेवटी म्हणाला की सर तुम्हाला सहा कोटी लागतील, त्याच्या आत रिटायरमेंटचा विचारसुद्धा करू नका, आणि त्याच दमात दहा वर्षं हप्ते भरायची पॉलिसी पुढे सरकवली. म्हणजे मी ५७ व्या वर्षी नोकरी कधी सोडू विचारतोय आणि हा मला ६७ पर्यंत हप्ते भर म्हणतोय! बायको शेजारीच बसली होती. तिच्याशी तो एकूण एक वाक्य बोलला, "मॅडम, थोडं पाणी मिळेल?"

मग एक सल्लागार झाले, रीतसर फी घेणारे. त्यांनी एक्सेल पाठवली, त्यात आमचा महिन्याचा खर्च पगाराच्या ७० टक्के धरलेला. कुठून आणला हा आकडा विचारलं तर म्हणे थंब रूल आहे. आमच्या घरात रोज भाजी कोण आणतं, सिलेंडर किती दिवस पुरतो, हे त्या थंबला कसं कळलं देव जाणे. ऑफिसच्या एचआरला मेल टाकला होता की लवकर बाहेर पडलो तर मेडिक्लेमचं काय, त्यावर "चेक करून कळवतो" आलं, ते अजून चेकच करतायत. नातेवाइकांचं तर सोडाच. "एवढ्यात? घरी बसून करणार काय?" हा प्रश्न मला अशा लोकांनी विचारला जे स्वतः रविवारीसुद्धा सोफ्यावरून उठत नाहीत.

आणि मग तुम्ही. आपली ओळख म्हणजे वेताळ टेकडीवर समोरून आलो तर राम राम, एवढीच. त्या दिवशी खाणीजवळ टेकायला बसलो होतो, तुम्ही सहज विचारलंत काय हो, चेहरा का उतरलाय, आणि मी भडाभडा सगळं बोललो. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "उद्या दुपारी दोनला या. वहिनींना घेऊन या." पुण्यात, कोथरूडमध्ये, दुपारी दोनला! घरी येऊन बायकोला सांगितलं तर तिला वाटलं मी ऐकण्यात काहीतरी गडबड केली.

आता जे लिहितोय त्यासाठीच हे पत्र आहे. तुम्ही टेबलावरची जुनी लग्नपत्रिका घेतलीत, तिचं पाकीट नीट कडेने फाडून उलटं केलंत, झाला कागद. मी आपला नेहमीप्रमाणे खुर्ची पुढे ओढून सुरू केलं, पीएफ इतका, ग्रॅच्युइटी इतकी, म्युच्युअल फंड इतके. तुम्ही दोन मिनिटं मान हलवलीत, मग माझ्यासमोरचा कागद उचलून बायकोसमोर ठेवलात, पेनाचं टोपण काढलंत आणि पेन तिच्या हातात दिलंत. "वहिनी, तुम्ही लिहा. महिन्याला घर किती खातं ते ह्यांना काय माहीत असणार?"

काका, एवढंच. बाकी सगळं त्याच्यानंतर आलं. इतक्या लोकांनी आमच्या म्हातारपणाचा हिशेब मांडला, आणि तीस वर्षं ज्या बाईने डायरीत रोजचा खर्च लिहिलाय तिला एकानेही विचारलं नव्हतं. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तुमच्याकडे, आणि लिहायला लागली. डायरी उघडायचीसुद्धा गरज पडली नाही. दूध, किराणा, भाजी, लाईट, गॅस, सोसायटीचा मेंटेनन्स, कामाच्या मावशींचा पगार आणि त्यांचा दिवाळीचा एक जादा पगार बाराने भागून, माझ्या बीपीच्या गोळ्या, तिच्या थायरॉइडच्या, गावाला आईला पाठवतो ते. मग म्हणाली "आहेर" आणि आकडा टाकला. लग्नं, मुंजी, वास्तुशांती, बारशी, वर्षाचा सगळा आहेर! तो कुठल्याच एक्सेलमध्ये नव्हता. भाऊबीज, गणपतीची वर्गणी, दर दोन वर्षांनी दोघांचे चष्मे. बेरीज ४६ हजार. सल्लागारांनी एक लाखाच्या वर धरला होता.

खाली तिने "फिरणं" असं लिहिलं आणि पेन तसंच धरून विचारलं, "हे धरू का?" तुम्ही म्हणालात, "अहो त्याच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप, जाड अक्षरात लिहा." आणि मग तुम्ही जे गणित घातलंत ते आम्ही अजून तसंच पाळतोय. सरकारची सीनियर सिटिझन बचत स्कीम एरवी ६० ला मिळते पण ५५ नंतर रिटायर झालेल्याला आधीही मिळते, फक्त रिटायरमेंटचे पैसे हातात आल्यापासून ३ महिन्यांत घालायचे, मर्यादा ३० लाख. तेवढ्यावर ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ६१,५०० रुपये व्याज. एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारी. "हे घरखर्चात मिसळायचे नाहीत," तुम्ही म्हणालात, "हे आले की बॅग भरायची." घर बाकीच्यावर चालतं, एफडी आहेत, आईच्या नावाच्या छोट्या फ्लॅटचं भाडं आहे, होम लोन कधीच संपलंय आणि मुलगा बंगळूरला आपलं आपलं बघतो. ज्यांना हे नाही त्यांचं गणित वेगळं पडेल, उगाच माझं बघून कोणी राजीनामा टाकू नका.

पेन्शनचंही तसंच. मला ऑफिसात सगळे सांगायचे की ईपीएसचं, म्हणजे पीएफबरोबरचं पेन्शन ५८ ला पूर्ण मिळतं, आधी घेतलं तर दर वर्षामागे ४ टक्के कापतात, म्हणून थांब. तुम्ही हसलात. नोकरी आत्ता सोडायची आणि पेन्शन ५८ ला मागायचं, अडवलंय कोणी? ६० पर्यंत थांबलात तर उलट वर्षाला ४ टक्के वाढवून देतात. दोन तारखा वेगळ्या आहेत हे इतक्या वर्षांत मला कोणीही सांगितलं नव्हतं, आणि त्यात पेन्शनसाठी पगार धरतात १५ हजारच, त्या रकमेसाठी मी माझं एक वर्ष गहाण टाकणार होतो. फक्त मेडिक्लेमच्या बाबतीत तुम्ही कडक होतात. आधी स्वतःची पॉलिसी, बीपी न लपवता, ती हातात आल्यावर राजीनामा, कारण जुन्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबायला लावतात आणि ऑफिसची पॉलिसी ऑफिसबरोबर संपते. तुमच्यामुळे राजीनामा दोन महिने लांबला. त्याबद्दल पण थँक्यू.

येताना रिक्षात बायको म्हणाली, "मग मार्चमध्ये सोडताय का?" कोणत्या आवाजात म्हणाली ते तुम्ही ऐकायला हवं होतं.

पैशांचं मी इथे फार लिहिलं खरं, पण तुमचा त्या दिवशीचा अर्धा वेळ गुडघ्यांवर गेला. तुम्ही साठाव्या वर्षी रिटायर झालात, मग मुलीचं लग्न, मग नातू, आणि राजगडला गेलात ६६ ला, बालेकिल्ल्याचा तो शेवटचा कातळ खालून बघितलात आणि परत फिरलात. ते सांगताना तुम्ही अजिबात रडवेले वगैरे नव्हतात, हिशेबनीस चूक दाखवतो तसे बोट ठेवून बोलत होतात. म्हणून आमची यादी तुम्ही दोन भागात करायला लावलीत, चढायचं आधी आणि बसून बघायचं नंतर. राजगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाई, स्पिती हे पहिल्या पाच वर्षांत. कोकणातली गावं, भिगवणचे पक्षी, दक्षिणेतली देवळं, लांबचे रेल्वेप्रवास सत्तरीलाही होतात, ते मागे. आम्ही अगदी उलटं ठरवत होतो, आधी सोपं सोपं करू मग बघू. सगळेच तसं ठरवतात बहुतेक.

कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर बायको माझ्या पुढे होती आणि वरून ओरडत होती की हळू या, घाई नाहीये. १,६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच टोक, आणि मंगळवार असल्यामुळे वर आम्ही, दोन कॉलेजची पोरं आणि वारा. वारांची ही चैन नोकरीवाल्याला कळणारच नाही. सिंहगडला रविवारी जाणं म्हणजे गाड्यांच्या रांगेत बसून धूर खाणं, तोच गड बुधवारी सकाळी आतकरवाडीतून चढा, वर निवांत पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खा, बारापर्यंत घरी. वेळासला कासवाची पिल्लं समुद्रात जाताना बघितली तेही असंच आडवारी, गर्दी नाही, पिल्लू वाळूतून दोन वीत सरकतं, थांबतं, परत सरकतं, लाट येते आणि त्याला उचलून मागे टाकते, ते परत निघतं. बायको तिथे चांगली पाऊण तास उकिडवी बसून होती, मी म्हटलं गुडघे, तर म्हणे गप्प बसा.

स्पितीला तुम्ही सांगितलं तसंच शिमल्याकडून किन्नौर करत चढलो आणि मनालीकडून उतरलो. स्पितीतलं काझा साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, मनालीहून थेट गेलेली बरीच मंडळी तिथे डोकं धरून पडलेली दिसली, आम्ही हळूहळू उंची गाठल्यामुळे ठणठणीत. टूर कंपनीने आम्हाला मनालीहूनच जा सांगितलं होतं, एक रात्र वाचते म्हणून. वाचवलेल्या रात्रीचं मला आता करायचंय काय?

बाकी एसटीत बायकोला हाफ तिकीट, मला अजून फुल, ६५ होईपर्यंत. आणि तुम्ही पंच्याहत्तरी ओलांडल्यामुळे फुकट, ते तुम्ही दर भेटीत ऐकवताच. रेल्वेची सीनियर सिटिझन सवलत मार्च २०२० ला बंद केली ती अजून बंद, पुरुषांना ४० टक्के आणि बायकांना ५० टक्के मिळायची, त्यावर तुमचं जे मत आहे तेच माझं आहे आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही.

फीचा विषय मी काढला होता आठवतं? तुम्ही म्हणालात मी काय सल्लागार आहे का, आयुष्यभर दुसऱ्यांची खाती जुळवली, हे एक तुमचं. पेढे आणले तर अर्धे परत पाठवलेत, मधुमेह आहे म्हणून. मला नेहमी वाटतं की भली माणसं आपल्याला मोठ्या ठिकाणी भेटतील, काचेची केबिन, कार्ड, अपॉइंटमेंट. तिथे हुशार माणसं भेटतात, नाही असं नाही. पण समोर दोन माणसं बसलीत हे दिसायला वेगळंच काहीतरी लागतं, ते कोणाला कोर्सला घालून येत नाही. आमच्या सोसायटीतल्या वॉचमनमध्ये ते आहे, तो आईच्या हातातली पिशवी न मागता घेतो. त्या टायवाल्या मुलात नव्हतं. त्याचं वय लहान आहे, येईलही.

ते पाकीट बायकोने डायरीत ठेवलंय. यंदा आहेराचा आकडा तिने वाढवलाय, बाकी सगळं तिच्या अंदाजात बसतंय.

तर काका, जानेवारीत आम्ही भिगवणला जातोय, फ्लेमिंगो बघायला. तुम्ही आणि काकू आमच्या गाडीतून येताय. काकूंना चढ नाही, पायऱ्या नाहीत, नावेत हात धरून बसवायला नावाडी आहे आणि मी आहे. तिकडे सगळीकडे मासेच मिळतात म्हणून काकू नाही म्हणतील, तर बायकोने एका ठिकाणी फोन करून शाकाहारी जेवण सांगून ठेवायची सोय केलीये, फक्त आदल्या दिवशी कळवायचं. सकाळी सहाला निघायचंय. तुम्हाला दुपारची झोप लागते हे माहीत आहे, परत येताना गाडीत झोपा. आणि डिझेलचे पैसे काढायचे नाहीत, ६१,५०० मधून जाणार आहेत.